अधूनमधून अडणारं रिक्षाचं हँडल

सकाळच्या पहिल्या फेरीला माकुणसारहून सफाळे स्टेशनकडे निघालं, की पहिल्याच वळणावर हँडल किंचित अडायचं. थोडा जोर लावला की हाताला 'टक्' असं जाणवून सुटायचं. स्टेशन येईपर्यंत सगळं सुरळीत. लोकलची गर्दी ओसरली, भाडी संपली आणि दुपारी रिक्षा गॅरेजला नेली, की तेच हँडल लोण्यासारखं फिरायचं. मेकॅनिक दोनदा डावी-उजवीकडे फिरवून बघायचा, एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "काही नाही दादा, बिनधास्त चालवा." दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच वळण, पुन्हा तेच 'टक्'.

माझे असे दीड महिने गेले. तेवढ्यात एकदा पुढचं टायर बदललं, एकदा केबली बदलल्या, एकदा शॉकअप बदलला. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बरं वाटलं, कारण प्रत्येक वेळी काम करताना पुढचा भाग हलवला गेला होता आणि आतला दोष जरासा जागा बदलून बसला होता. शेवटी सापडलं ते ओंजळीत मावेल एवढं होतं. खालच्या रेसरची वाटी आणि तिच्यातले छर्रे.

त्या दीड महिन्यात मला जे कळलं ते असं. कायम असणारा बिघाड मेकॅनिकला सापडतो. मधूनच होणारा बिघाड मात्र तो होतो त्या वेळी जो हजर असतो त्यालाच सापडतो, आणि तसे हजर फक्त आपणच असतो. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर या पट्ट्यात रिक्षा चालवणाऱ्या आणि भाड्याने देणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि दिव्यांग बांधवांच्या तीनचाकी स्कूटरसाठीही, हा शोध कसा घ्यायचा ते इथे सांगतो.

हँडलच्या खाली काय असतं

आपली रिक्षा म्हणजे तीन चाकांची स्कूटर. इटलीत कोरादिनो दास्कानियो या विमानांच्या इंजिनियरने १९४६ साली व्हेस्पा स्कूटर आखली आणि १९४८ साली तिच्याच पुढच्या भागाला मागे दोन चाकं जोडून आपे ही तीनचाकी तयार झाली. बारामतीच्या आपे असोत की वाळूजच्या बजाज, घडण त्याच वळणाची. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं. विमानाचं चाक धरतात तसं. त्यामुळे चाक पटकन काढता येतं, पण चाकावर आलेला प्रत्येक दणका एका बाजूच्या लिंकमधून आणि तिच्या पिनमधून वर कॉलममध्ये जातो.

कॉलम म्हणजे हँडलपासून चाकापर्यंत उतरणारा उभा दांडा. तो चासीच्या नळीत दोन ठिकाणी टेकतो, वर एक आणि खाली एक. प्रत्येक ठिकाणी एक वाटी, एक कोन आणि मध्ये छर्ऱ्यांची रांग. यालाच आपण रेसर किंवा कोन सेट म्हणतो. वरच्या रेसरवर नट आणि त्यावर लॉकनट. बाकी सगळं, म्हणजे क्लचची, अ‍ॅक्सिलरेटरची, गियरची केबल आणि हॉर्न-लाइटच्या वायरी, याच कॉलमच्या आजूबाजूने खाली जातात. हँडलच्या कुठल्याही तक्रारीचं मूळ यातल्या एखाद्या जागी असतं. किंवा मग पुढे नसतंच. मागच्या चाकांत असतं. त्याकडे येतोच.

खालच्या रेसरचं नशीब सगळ्यांत वाईट. वजन त्याच्यावर, दणके त्याच्यावर, पाणी त्याच्यावर. मोटारीची चाकं रस्त्याच्या दोन पट्ट्यांतून जातात, तिला मधला खड्डा पायांत घेता येतो. मोटरसायकलवाला झुकून चुकवतो. रिक्षाला दोन्ही जमत नाही. मागची दोन चाकं खड्ड्याच्या अलीकडे-पलीकडे राहिली, तरी पुढचं बरोबर मधोमध उतरतं. डंपरने सांडलेली खडी आणि ऑइल हेही बहुधा मधल्या पट्ट्यातच साचतं. बोईसर-तारापूर एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्रक-टँकरच्या मागे चालणाऱ्याला हे सांगायला नको.

आधी वही, मग पाना

पाना हातात घेण्याआधी आठ दिवस एक छोटी वही डॅशबोर्डवर ठेवा. हँडल अडलं, थरथरलं किंवा गाडी ओढली, की पुढच्या थांब्यावर दोन ओळी लिहा. किती वाजले होते. गाडी रिकामी होती की भरलेली, आणि भरलेली असेल तर मागे कोण कसं बसलं होतं. पाऊस होता का, किंवा रात्री गाडी उघड्यावर होती का. सरळ जात होतो की वळत होतो, कुठल्या बाजूला. ब्रेकवर पाय होता का, की नुकताच काढला होता. वेग साधारण किती. आवाज आला का, आणि तो हातात जाणवला, पायात जाणवला की सीटखाली.

आणखी एक गोष्ट लिहा, आणि ही बहुतेक जण विसरतात. त्याच क्षणी गाडीत दुसरं काही झालं का? माझ्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याचं हँडल डावीकडे वळताना कधीकधी जड व्हायचं. रेसर बदलून झाला, फरक नाही. एके दिवशी सहज बोलता बोलता तो म्हणाला, "आणि नेमका तेव्हाच हॉर्नही वाजत नाही." तिथे कोडं सुटलं. हँडलखालची वायरिंगची क्लिप तुटली होती. वायरींचा झुबका सैल होऊन खाली आला होता आणि पूर्ण डावं वळण घेताना कॉलम आणि पत्र्याच्या मध्ये चेपत होता. चेपला की हँडल जड, आणि हॉर्नची वायर आतून तुटकी असल्याने हॉर्न बंद. क्लिप आणि दीड वीत वायर, एवढ्यात काम झालं.

आठ दिवसांनी वही उघडा आणि ओळी एकमेकींशेजारी ठेवून बघा. माझ्या वहीत अकरा नोंदी होत्या. अकराही सकाळी आठच्या आतल्या. आणि अकराही वेळा हँडल सरळ स्थितीतून जरा वळवतानाच अडलं होतं, पूर्ण वळणात एकदाही नाही. एवढं मेकॅनिकला सांगितलं आणि त्याने मला पुढचं एक अक्षर बोलू दिलं नाही. "खालचा रेसर," म्हणाला.

ठोकळ्यावर घेऊन

आता गाडी तपासायची. सपाट जागा बघा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि पुढचा भाग जॅकने उचलून चासीखाली जाड लाकडी ठोकळा घाला, म्हणजे पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं सुटेल. नुसत्या जॅकवर किंवा दोन माणसांनी कलती धरलेल्या रिक्षाखाली हात घालू नका. आपल्याकडे रिक्षा आडवी करून काम करायची सवय आहे. पंक्चर काढायला ते चालतं, पण हँडलची तपासणी गाडी उभी असतानाच होते.

पहिली गोष्ट, हँडल दोन बोटांनी फिरवा. मुठीने नाही. गॅरेजमध्ये मेकॅनिक मुठीत धरून झटक्यात फिरवतो, आणि झटक्यात फिरवलेल्या हँडलला खाच कळत नाही. अगदी सावकाश, घड्याळाचा काटा सरकावा तसं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. सरळ स्थितीत येताना बोटांना किंचित थांबा जाणवला, जणू हँडल तिथे बसू पाहतंय, तर रेसरला खाच पडली आहे. वाळू घासल्यासारखी खरखर लागली, तर छर्ऱ्यांत गंज किंवा धूळ आहे. फिरवताना टोकाला जाऊन जड होत असेल, तर केबल किंवा वायर. अशा वेळी एकेक केबल हाताने बाजूला धरून पुन्हा फिरवा, कोणती अडते ते लगेच कळेल.

दुसरी गोष्ट, खालून चाकाजवळ दोन्ही हातांनी लिंक धरा आणि पुढे-मागे ढकला. सोबतच्या माणसाला वर, हँडलखाली, कॉलम जिथून निघतो तिथे बोट टेकवून ठेवायला सांगा. त्याच्या बोटाला हालचाल लागली तर लॉकनट ढिला आहे किंवा वरचा रेसर गेला आहे.

तिसरी, चाक वरून आणि खालून धरून डोलवा. हललं तर लगेच हब बेअरिंग बदलायला सांगू नका. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा डोलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं, तर ढिलाई हबच्या बेअरिंगमध्ये. ब्रेक दाबूनही हलत राहिलं, तर ती लिंकच्या पिनमध्ये, बुशमध्ये किंवा वर रेसरमध्ये. एवढ्या एका युक्तीने कितीतरी बेअरिंगचे पैसे वाचतात. अर्थात हे पुढच्या चाकाला ब्रेक असलेल्या गाडीतच जमतं.

चौथी गोष्ट जिवाशी निगडित आहे, म्हणून सगळ्यांत काळजीने करा. गाडी ठोकळ्यावरून खाली घ्या. एकाने पुढचं चाक गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरावं आणि दुसऱ्याने हँडल डावी-उजवीकडे हलवावं. चाक जागेवर राहून हँडल एकटंच थोडंही फिरलं, तर हँडल कॉलमला आवळणारा बोल्ट ढिला आहे किंवा तिथली खाच झिजली आहे. हा दोष बरेच दिवस अगदी थोडा असतो आणि मग एका खड्ड्यात पूर्ण होतो. बोल्ट आवळून पुन्हा तीच तपासणी करा. आवळूनही फिरत असेल तर भाग बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

जाता जाता हँडल लॉकही बघा. जुन्या लॉकची जीभ झिजून अर्धवट बाहेर येते आणि वळणात अडकते. किल्ली सैल फिरत असेल, काढल्यावर आत 'खट्' आवाज नीट येत नसेल, तर ते लॉक काढून टाकलेलं बरं. रात्री गाडीला साखळी लावा.

गाडी ओढते, पण कधीकधीच

"हँडल उजवीकडे खेचतं" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं हँडल ठणठणीत असतं. नीट विचार करा. पुढचं चाक एकच, आणि ते मधोमध. ते अडकलं तर गाडी मंदावेल, एका बाजूला फारशी ओढणार नाही. बाजूला ओढायला दोन बाजू लागतात, आणि त्या मागे असतात. उजव्या मागच्या चाकाचा ब्रेक धरून राहिला, तर गाडी उजवीकडे ओढते आणि ते आपल्याला हँडलमध्ये जाणवतं.

हे अधूनमधून का होतं? वरई फाट्याहून तांदुळवाडीचा घाट उतरून सफाळ्याला या. उतरताना ब्रेक तापतो. ज्या चाकाचा ब्रेक सिलेंडर गंजलेला आहे त्याचे लायनर पायडल सोडल्यावरही पूर्ण मागे येत नाहीत, आणखी तापतात, आणखी धरतात. घाट संपला, पाच मिनिटं थांबलात, ड्रम थंड झाला, ओढणं बंद. गॅरेजपर्यंत गाडी अगदी सरळ जाते. म्हणून तपासणी घाटाच्या पायथ्याशीच करायची. गाडी थांबवा आणि दोन्ही मागच्या ड्रमवर बोटांनी पाण्याचे चार थेंब शिंपडा. एका बाजूला थेंब चरचरून उडाले आणि दुसऱ्या बाजूला नुसतेच ओघळले, तर दोषी चाक सापडलं. हात लावून बघू नका, भाजेल.

पावसाळ्यात याच्या उलटं होतं. रात्रभर ओल्यात उभ्या गाडीचे लायनर ड्रमला चिकटतात आणि सकाळी पहिली पन्नास-शंभर पावलं गाडी एका बाजूला ओढते, मग सुटते. हे एखाद्या वेळी झालं तर चालेल, रोज व्हायला लागलं तर ड्रम उघडून साफ करा.

ब्रेक बरोबर असेल तर हवा बघा. आपल्या बहुतेक रिक्षांना ४.००-८ मापाचं टायर असतं, आठ इंची रिमचं. एवढ्या लहान टायरमध्ये थोडी हवा कमी झाली तरी गाडी कलते. हळू उतरणारं पंक्चर सकाळी भरल्यावर दुपारपर्यंत ठीक वाटतं आणि संध्याकाळी ओढायला लागतं. तुमच्या वहीत सगळ्या नोंदी संध्याकाळच्या असतील तर आधी ट्यूब पाण्यात बुडवा. त्यानंतर मागच्या आर्मचे रबरी बुश. ते फाटले असतील तर रिकामी गाडी सरळ जाते आणि भरली की मागचं चाक किंचित तिरकं होतं.

टायरच्या कामात एक इशारा द्यायलाच हवा. रिक्षाची रिम दोन भाग नटांनी जोडलेली असते. ट्यूबमध्ये हवा असताना ते जोडणारे नट कधीही सोडू नका. आधी पूर्ण हवा काढा. भरलेल्या ट्यूबने रिमचा अर्धा भाग तोंडावर उडतो.

थरथर हा वेगळा प्रकार. एवढं लहान चाक ताशी ४० किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला आठ ते नऊ फेरे घेतं, त्यामुळे टायरला एका जागी फुगवटा असेल तर ठराविक वेगालाच हँडल बडवल्यासारखं हलतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे नाही. चाक उचलून फिरवा आणि टायरजवळ खडू स्थिर धरा. फुगवट्यालाच खूण पडेल. आणि रिकामी गाडी चांगली, पण मागे चार-पाच जण बसले की हँडल हलकं होऊन तरंगतं, ही तक्रार घेऊन गॅरेजला जाऊ नका. गाडीत बिघाड नाही. मागे वजन जास्त झालं की पुढचं चाक रस्त्यावर पुरेसं टेकत नाही. रिक्षाची परवानगी तीन उतारूंची आहे आणि पुढच्या चाकाचं गणितही तेवढ्याचंच आहे. ड्रायव्हरच्या शेजारी दोघं बसवले तर हँडल पूर्ण वळतच नाही, गुडघे आड येतात. हे लिहिताना मला ठाऊक आहे की शेवटच्या लोकलला उतरलेल्या माणसांना "तुम्ही थांबा" म्हणणं किती कठीण असतं. तरीही म्हणायला हवं.

खारं पाणी

आता माझ्या गाडीकडे परत येतो, कारण आपल्या भागातल्या हँडलचं खरं दुखणं इथे आहे.

मेकॅनिकने कॉलम खाली उतरवला. वरच्या रेसरचं ग्रीस काळं होतं पण ओलसर होतं, छर्रे चमकत होते. खालच्या वाटीत मात्र ग्रीस नव्हतंच. त्या जागी विटकरी रंगाचा, चिकणमातीसारखा लगदा होता. त्याने तो बोटाने काढून फडक्याला पुसला आणि वाटी रॉकेलमध्ये धुऊन माझ्या हातात दिली. उन्हात धरली तर आतल्या गोल धावेवर, पुढच्या बाजूला, ओळीने बारीक खळगे दिसले. तांदळाच्या कणीएवढे. प्रत्येक छर्ऱ्याने आपल्यापुरतं एक घर करून घेतलं होतं. हँडल सरळ असताना छर्रे त्या घरांत बसायचे, आणि रात्रभरात भोवतीचा लगदा आवळून यायचा. सकाळी पहिल्या वळणाला छर्रे घराबाहेर निघताना जे जाणवायचं ते माझं 'टक्'. अर्ध्या तासाने लगदा सैल झाला की काही कळायचं नाही.

लगदा आला कुठून? मेकॅनिकने वास घेऊन बघायला सांगितलं. मासळीचा वास होता.

मी पहाटे मासळीवाल्या मावशींच्या टोपल्या घ्यायचो. दातिवरे, एडवण, केळवे, सातपाटी, आपल्या किनाऱ्यावर कुठेही हेच दृश्य. बोंबील, मांदेली, कोलंबी, वर बर्फ, आणि टोपली ठेवायला सोयीची जागा म्हणजे ड्रायव्हरच्या पायाशी. बर्फ वितळतो, खारं पाणी गळतं, पायाखालच्या पत्र्यावरून पुढे वाहत कॉलमच्या भोकातून बरोबर खालच्या रेसरवर उतरतं. त्यात खाडीवरचा वारा. खाजणालगतच्या आणि मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकाने उडणारा चिखलही खारट. लोखंड गोड्या पाण्यात गंजतं, मिठाच्या पाण्यात त्याहून कितीतरी वेगाने गंजतं, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवत असल्याने गाडी कोरडी दिसली तरी आत गंज चालूच राहतो.

यावर उपाय सोपे आहेत. मासळीची टोपली पायाशी घ्यायचीच असेल तर खाली कडा असलेला प्लास्टिकचा ट्रे किंवा जाड ताडपत्रीची खोळ ठेवा. मावशींनाही सांगा, त्या समजून घेतात. टोपली गेली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने पायाखालचा पत्रा धुवा, पण बादली आणि फडक्याने. वॉशिंग सेंटरला प्रेशर पंपाचा फवारा थेट कॉलमच्या तळाशी आणि हबवर मारू देऊ नका. जोराचं पाणी सीलच्या आत शिरतं आणि ग्रीस बाहेर काढतं. उरलेलं पाणी आतच राहतं. गाडी धुऊन चकचकीत केल्यानंतर दोन आठवड्यांनी हँडल खरखरायला लागलं, तर त्याचं कारण हेच असतं.

आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला गाडीची पूजा करतो त्या सुमारास, एकदा कॉलम उतरवून ग्रीस बदलून घ्यावं. पावसाआधी मे महिन्यात दुसऱ्यांदा केलं तर उत्तमच. देशावरच्या कोरड्या हवेतल्या गाडीला ते लवकर लागत नाही. आपल्याला लागतं.

रेसर बसवताना उभे राहा

रेसरचं काम चालू असताना चहाला जाऊ नका, तिथेच उभे राहा. वाटी, कोन आणि छर्रे पूर्ण संचच बदलायला सांगा, वरचाही आणि खालचाही. जुन्या वाटीत नवे छर्रे टाकले तर ते जुन्या खळग्यांतच जाऊन बसतात आणि महिन्याभरात तक्रार परत येते. पूर्ण संच एका टायरपेक्षा स्वस्त पडतो. वाटी ठोकताना छिन्नीने एका कडेवर ठोकली की ती तिरकी बसते. तिच्या मापाच्या पाइपच्या तुकड्याने सरळ ठोकायची, आणि तळाला टेकली की आवाज बदलतो तो ऐकायचा. ग्रीस पाण्याने न धुपणारं घ्या आणि हात आखडू नका, वाटी भरून लावा. कॉलम बाहेर आहे तोवर तो रॉकेलने पुसून जोडांवर, वेल्डिंगच्या कडेला, नखाने चाचपून बघा. केसाएवढी भेग गंजाच्या रेषेसारखी दिसते. ती दिसली तर पुन्हा वेल्डिंग मारून घेण्याच्या भरीस पडू नका, कॉलम बदला.

नट किती आवळायचा हा खरा हाताचा कस. ढिलाई संपेपर्यंत आवळायचा, मग किंचित मागे आणायचा. चाक उचललेलं असताना हँडल मधोमध धरून सोडलं की ते आपल्या वजनाने डावीकडे किंवा उजवीकडे सहज पडलं पाहिजे, आणि पुढे-मागे ढकलल्यावर मात्र अजिबात हललं नाही पाहिजे. मग खालचा नट पान्याने धरून ठेवून लॉकनट आवळायचा. लॉकनटबरोबर खालचाही फिरला तर सगळं पुन्हा करा. जास्त आवळलेलं हँडल पहिले काही दिवस 'टाइट आणि मस्त' वाटतं, पण वळणानंतर आपसूक सरळ येत नाही, आणि छर्रे दाबले जाऊन नव्या वाटीला तेवढ्यातच खळगे पडतात. नवा संच बसायला थोडे दिवस लागतात, म्हणून चार-आठ दिवसांनी गाडी परत नेऊन नट तपासून घ्या. मेकॅनिक घाईत असला तरी आग्रह धरा.

दिव्यांग व्यक्तींच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंनी चाकं जोडलेली असतात, तिथेही रेसरची तपासणी हीच. फक्त एक जास्तीची गोष्ट बघा. बाजूच्या दोन चाकांची उंची सारखी आहे ना? एक चाक बोटभर वर असेल तर सपाट रस्त्यावर गाडी सरळ जाते आणि रस्त्याच्या उतरत्या कडेला गेली की ओढते. चालवणाऱ्याला वाटतं आपलाच हात थकला. तो थकलेला नसतो. फ्रेमला चाकं जोडणारे क्लॅम्प दर महिन्याला कोणाकडून तरी आवळून घ्या, आणि घरात तशी गाडी असेल तर हे काम घरच्यांनी आठवणीने करावं.

शेवटी पासिंगबद्दल. नवी रिक्षा आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या दिवशी हँडल ठीक असेल तर प्रमाणपत्र मिळतं, आणि मधूनच अडणारं हँडल त्या दिवशी ठीक असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून कागद नवा आहे हे कारण तक्रार पुढे ढकलायला वापरू नका. भाड्याने गाडी देणाऱ्या मालकांना माझी विनंती आहे, की ड्रायव्हरने हँडलची तक्रार केली तर गॅरेजमध्ये ती दिसली नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका. एक दिवस पहिल्या फेरीला त्याच्या शेजारी नाही, मागे बसून जा.

आणि चालू गाडीत हँडल फिरलं पण चाक त्यामागे फिरलं नाही, किंवा वळणात हँडल पूर्ण जाम होऊन सुटलं, तर तिथेच गाडी कडेला घ्या. गॅरेज अर्ध्या किलोमीटरवर असलं तरी चालवत नेऊ नका. उतारूंना मागून येणाऱ्या रिक्षात बसवून द्या, त्या फेरीचं भाडं घेऊ नका, आणि मेकॅनिकला तिथे बोलावून घ्या.